दुसऱ्या जोडीच्या तारा

१

नव्या घरात सामान लागतं न लागतं तोच मास्तरने त्या अॅम्प्लिफायरला नावं ठेवायला सुरुवात केली. आधी 'कामचोर', मग 'महाराज', आणि एकदा ऐन रंगात आलेली बासरी मध्येच तोडून तो बंद पडला तेव्हा जे नाव ठेवलं, ते शाळेतल्या मुलांच्या कानावर गेलं असतं तर मास्तरची नोकरी गेली असती.

मास्तर म्हणजे भूगोलाचा मास्तर. उंच, ढगळ शर्टातला, देवाघरच्या गोष्टीचीही थट्टा करणारा. त्याची बायको इस्पितळात ऑपरेशनच्या आधी रोग्यांना भूल द्यायची, म्हणून तिथले सगळे तिला भूलताई म्हणत, आणि ऐकून ऐकून मास्तरही तेच म्हणायला लागला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या घरांतून बिऱ्हाड हलवून हलवून दोघांचा जीव विटला होता. हे तिसऱ्या मजल्यावरचं, मोठ्या खिडक्यांचं घर म्हणजे त्यांचं पहिलं स्वतःचं घर.

अॅम्प्लिफायर घराबरोबरच आला होता. आधीचे मालक एकटे राहायचे, म्हातारपणाने गेले. त्यांच्या पुतण्याने सगळं सामान उचललं, पण बाहेरच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात बसवलेला तो लोखंडी धोंडा आणि त्याचे दोन स्पीकर तिथेच सोडले. "असू दे तुम्हाला. तो इथून हलवू नका असं काका म्हणायचे," तो किल्ल्या देताना म्हणाला. मास्तरला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. जुना, भरीव, समोर रुपेरी पत्रा, मोठ्या मोठ्या खुंट्या, पिरगळल्या की लोण्यातून सुरी फिरावी तशा फिरणाऱ्या. आवाजही काय! भिंती वितळल्यासारखा.

पण थोडा वेळ वाजायचा, आणि मग आतून 'टक्' असा आवाज व्हायचा. लाल दिवा लुकलुकायचा. गाणं बंद. वरच्या पत्र्याला हात लावला की चटका.

भूलताईने पहिल्या दिवशी सवयीने तळहात उलटा करून त्याच्यावर ठेवला, कपाळाला लावतात तसा.

"ताप आहे याला," ती म्हणाली.

"मग दे की गोळी."

दोघंही हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

२

तापलेलं यंत्र बंद पडतं यात नवल काही नाही. आत एक राखणदार बसवलेला असतो. उष्णता हाताबाहेर गेली की तो आवाज तोडतो, म्हणजे बाकीचं जळत नाही. मास्तरने हे कुठेतरी वाचलं, आणि रविवारी शर्टाच्या बाह्या सरसावून कामाला लागला.

कपाटाचं दार काढलं, कारण कोंडलेल्या जागेत वारा फिरत नाही. मागची बाजू भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. वरचा पत्रा उघडून आतली धूळ ब्रशने झाडली, आणि ती केवढी निघाली, की भूलताई खोकत खोकत स्वयंपाकघरात पळाली. शेवटी टेबलफॅन आणून त्याच्या तोंडासमोर ठेवला. "राजेशाही थाट आहे बघ. मला उन्हाळ्यात कधी लावलास एवढा पंखा?" ती म्हणाली.

तरी बंद पडलाच.

मग आवाज कमी ठेवून पाहिला. मग आणखी कमी. शेवटी खुंटी पार शून्यावर नेली आणि दोघं चहा घेत समोर बसली. खोलीत गाणं नव्हतं, नुसता पंखा फिरत होता. थोड्या वेळाने भूलताई उठली आणि पत्र्यावर हात ठेवला.

पत्रा तापत होता.

"काही वाजतच नाहीये," ती म्हणाली. "मग हा दमतोय कशाने?"

मास्तरने खांदे उडवले. "जुनी माणसं अशीच. बसल्या बसल्या दमतात."

'टक्' झालं. लाल दिवा लागला. मास्तरने पंखाही बंद केला, आणि त्या पाठोपाठ जी शांतता पडली तिच्यात भूलताईला काहीतरी ऐकू आलं. फार बारीक. झोपलेलं माणूस कूस बदलतं तेव्हा गादी जशी कुरकुरते, तसं. खोलीत गादी नव्हती. वरचा मजला गच्चीचा होता.

"ऐकलंस?"

"काय?"

तिने चहाचे कप उचलले. दिवसभर ऑपरेशनच्या खोलीत यंत्रांचे आवाज ऐकून कान किटतात, घरी आल्यावरही वाजत राहतात, हे तिला ठाऊक होतं.

३

गल्लीच्या टोकाला जिचं दुरुस्तीचं दुकान होतं तिला अख्खी वस्ती रेडिओमावशी म्हणायची. गोल बांध्याची, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेली, बोलायला लागली की थांबवावी लागणारी. तिच्या पोऱ्याने तारा सोडवून अॅम्प्लिफायर दुकानात नेला आणि दुसऱ्याच दिवशी परत कपाटात ठेवून होत्या तशा तारा जोडल्या. मावशीही बरोबर आली होती.

"याला काहीही झालेलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोठ्याने वाजवला, शेजारचा शिंपी भांडायला आला. पण पत्रा थंडगार. मास्तर, दुखणं याचं नाही. दुखणं तुमच्या घराचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे याच्यावर ओझं जास्त पडतंय. कुठेतरी तार तारेला चिकटलीय, नाहीतर..." ती गुडघ्यांवर बसली आणि कपाटाच्या मागे डोकं घातलं. "हे बघा. हे काय आहे?"

मागच्या बाजूला तारा जोडायच्या दोन जागा होत्या. पहिल्या जोडीच्या तारा खोलीतल्या स्पीकरना गेल्या होत्या. दुसऱ्या जोडीलाही तारा होत्या, भिंतीच्याच रंगात रंगवलेल्या, म्हणून कुणाच्या नजरेत आल्या नव्हत्या. समोरचं दुसऱ्या जोडीचं बटण दाबलेल्या अवस्थेत पार रुतून बसलं होतं. तारा कपाटाच्या कडेने खाली उतरून, फरशीला लागून सरकत, खिडकीखाली भिंतीतल्या एका भोकात गेल्या होत्या.

"आणखी दोन स्पीकर आहेत तुमच्याकडे. कुठल्या खोलीत आहेत?"

मास्तर आणि भूलताईने एकमेकांकडे पाहिलं. त्या भिंतीपलीकडे खोलीच नव्हती. ती बाहेरची भिंत. पलीकडे तीन मजले खाली रस्ता.

रेडिओमावशीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून पाहिलं. बाहेर सपाट गिलावा, एक पाणी वाहून नेणारा पाइप, बस्स. तार कुठूनही बाहेर आली नव्हती. तिने तारा सोडवल्या आणि त्यांना मीटर लावलं.

"स्पीकर तर आहे दुसऱ्या टोकाला," ती म्हणाली. काटा सरकला, थांबला, हळूच मागे आला. पुन्हा सरकला, पुन्हा मागे आला. मावशीने मीटरला टिचकी मारली. काट्याने आपलं काम चालू ठेवलं. पुढे, मागे. पुढे, मागे.

"हे असं करत नाही कधी," ती जराशाने म्हणाली. आता तिचं बोलणं कमी झालं होतं. "थांबा. स्पीकर उलटाही चालतो. त्याच्याशी बोललं तर तो माइकचं काम करतो. याच तारा माइकच्या जागी लावू. कुठल्या खोलीत आहे ते ऐकूनच कळेल."

तिने तारा लावल्या, खुंटी फिरवली.

खोली ऐकू आली. आवाज नव्हे, खोली. बंद, मोठी, सामानसुमान असलेली खोली जशी ऐकू येते तशी. आणि तिच्यात कुणीतरी श्वास घेत होतं. संथ, खोल, एकासारखा एक.

भूलताईला त्या दोघांपेक्षा एक गोष्ट जास्त कळली. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. झोपेत माणूस मध्येच उसासतो, अडखळतो, कूस बदलतो. असा एकसुरी श्वास, कुणीतरी मुद्दाम झोपवलेल्याचा असतो. ती रोज तोच ऐकत होती.

"शेजारच्यांचा आवाज येत असेल," मावशी उठत म्हणाली. "तारा काढून टाका, म्हणजे तापणार नाही." आणि ती गेली. तिचा मोठा स्क्रूड्रायव्हर फरशीवरच राहिला. मास्तरने दोनदा निरोप पाठवला, पण ती तो न्यायला आली नाही.

४

तारा काढल्यावर अॅम्प्लिफायर खरंच सुधारला. दिवसभर वाजला तरी पत्रा कोमट. मास्तर खूश. "चला, महाराजांचा ताप उतरला."

जिन्यात भूलताईला खालच्या मजल्यावरचे काका भेटले. निवृत्त, बोलके, हातात कायम कसली तरी पिशवी. "तुमचं बरं आहे, वेळच्या वेळी बंद तरी करता," ते म्हणाले. "आधीच्यांनी आमच्या नाकी नऊ आणले होते. सकाळ नाही, दुपार नाही, सतत काहीतरी चालू. गाणी, बातम्या, नाटकं, काय वाट्टेल ते. थांबता म्हणून थांबायचं नाही."

"शौकीन असतील."

काका हसले. "शौकीन कसले! ठार बहिरे होते ते. कानाशी ढोल वाजवला तरी कळायचं नाही. मी एकदा पाटीवर लिहून विचारलं, अहो, तुम्हाला ऐकू येत नाही, मग लावता कशाला? तर म्हणाले, मी कुठे ऐकतो, मी फक्त लावतो." काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "शेवटी शेवटी यंत्र बंद पडायला लागलं ना, तेव्हा पार खंगले हो बिचारे. इथे या पायरीवर बसून रडताना पाहिलंय मी त्यांना."

भूलताई वर आली. दार उघडलं. आत बासरी वाजत होती, मास्तर वह्या तपासत गुणगुणत होता, ऊन फरशीवर पसरलं होतं. बहिऱ्या माणसालाही कंप कळतो, ती स्वतःला म्हणाली. हात ठेवून बसत असेल बिचारा. एकट्या माणसाला सोबत लागते. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि हे काय वाईट कारण होतं?

तारांची सुटी टोकं भिंतीच्या भोकातून बाहेर लोंबत होती. त्यांच्याकडे न बघता ती आत गेली.

५

न बघता राहणं तिला जमलं नाही. मास्तर शाळेत गेला की ती तारा माइकच्या जागी लावायची आणि ऐकायची. थोडाच वेळ, असं म्हणत. मग इस्पितळात उशीर व्हायला लागला.

श्वास बदलत होता.

आधी त्यात एखादा उसासा आला. मग लय मोडायला लागली. दोन खोल श्वास, एक उथळ. मध्येच गिळल्याचा आवाज. भूलताईने हे एवढ्या वेळा पाहिलं होतं की शब्द आपोआप मनात उमटला. हलकी. भूल हलकी होतेय. ऑपरेशनच्या खोलीत अशा वेळी तिचा हात विचाराच्या आधी चालायचा. औषधाची खुंटी किंचित वर, आणि पुन्हा सगळं शांत. इथे खुंटी होती, तिच्या समोरच होती. तारा त्यांच्या जुन्या जागी लावायच्या, गाणं चालू करायचं, एवढंच.

वेडेपणा आहे हा, तिने स्वतःला बजावलं. मी दमलेय. रोज लोकांना झोपवून झोपवून मला सगळीकडे तेच दिसतं.

एका शनिवारी मास्तर लवकर घरी आला आणि त्याने तिला तशी बसलेली पाहिलं. स्पीकरला कान लावून, डोळे मिटून. त्याला राग आला नाही, धास्ती वाटली. आणि धास्ती वाटली की तो जे करायचा तेच त्याने केलं. भोकापाशी ओणवा झाला, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडला, "ओ पाहुणे! उठा की, उन्हं वर आली!"

श्वास थांबला.

स्पीकरमधून नुसती खोली ऐकू येत राहिली, रिकामी, लक्ष देऊन ऐकणारी. मास्तर हसत हसत मागे वळला, आणि बायकोचा चेहरा पाहून त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

"अगं, थट्टा केली..."

"गप्प बस," ती कुजबुजली. "एक शब्द बोलू नकोस."

कितीतरी वेळाने श्वास पुन्हा सुरू झाला. पहिल्यापेक्षा जलद होता तो, आणि जवळ होता.

६

सोमवारी ती इस्पितळात गेलीच नाही. मास्तर शाळेला गेल्यावर बाहेरच्या खोलीत आली, खिडकीखाली मांडी घालून बसली आणि लोंबणाऱ्या तारा हातात घेतल्या. ओढून काढायच्या आणि भोक सिमेंटने बुजवायचं, असं तिने रात्रभर घोकलं होतं.

तारा ओढल्या तशा थोड्या आल्या. मग ताठ झाल्या. तिने जोर लावला नाही. बोटांत नुसत्या धरून राहिली, आणि तेव्हा तिला जाणवलं. तार सैल पडत होती, पुन्हा ताठ होत होती. सैल. ताठ. भूल देताना रोग्याच्या श्वासाबरोबर फुगणारी आणि मिटणारी रबरी पिशवी असते. तिच्यावर हात ठेवून तिने आयुष्यातल्या किती दुपारी काढल्या असतील, डोळे दुसरीकडे, सगळं ध्यान तळहातात. तळहाताने तिला आत्ता तेच सांगितलं. आणि तार ऊबदार होती. तापलेली नव्हे. अंगाएवढी ऊबदार.

तिने भोकापाशी डोळा नेला.

अंधार असेल, विटा असतील, असं तिला वाटलं होतं. आत उजेड होता. तिच्याच खोलीत होता तसला, ढगाळ सकाळचा, राखाडी. त्या उजेडात एक पाऊल दिसत होतं. तळवा, तिच्याकडे केलेला. टाच, सुरकुत्या, बोटांचे गोल. आडव्या माणसाच्या पायथ्याशी उभं राहिलं की दिसतो तसा. बाकी काही दिसत नव्हतं. आणि ते पाऊल हाताएवढ्या अंतरावरचं, लहान मुलाचं असावं, की फार फार लांबचं आणि प्रचंड, हे तिला कळेना. डोळ्याला माप घ्यायला दुसरं काही नव्हतंच.

ती बघत होती तेवढ्यात अंगठा वाकला. हळूच, जरासा. मग बाकीची बोटं.

भूलताईला पुढचं कधीच नीट आठवलं नाही. तारा दुसऱ्या जोडीच्या जागी कशा लागल्या, यंत्र कसं चालू झालं, काहीच नाही. हाताला सापडली ती रेडिओची वाहिनी तिने लावली. कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगत होतं. खुंटी वर नेली, आणखी वर नेली. पत्रा तापायला लागला तशी तिने फ्रिजमधला बर्फ पिशव्यांत भरून त्याच्यावर रचला, पंखा लावला, ओल्या टॉवेलने कपाट पुसत राहिली. मास्तर दुपारी घरी आला तेव्हा ती तशीच बसली होती, केस विस्कटलेले, फरशीवर पाण्याची थारोळी, आणि एक हात तारेवर.

"झोपलं," ती म्हणाली. "आत्ता जरा गाढ झोपलंय."

७

मास्तरने बायकोला वेडी म्हटलं नाही. शनिवारपासून त्याची थट्टा आटली होती. तिने सांगितलेलं त्याने ऐकून घेतलं, भोकात मात्र पाहिलं नाही. "तू पाहिलंस ना, बास झालं," म्हणाला.

"घर विकून टाकू," तो एकदा जेवताना म्हणाला.

"आणि घेणाऱ्याला काय सांगायचं? तो तारा काढून टाकेल. आपण काढल्या तशाच." तिने ताट बाजूला सारलं. "टेबलावर रोगी असताना भूल देणारी खोलीबाहेर जात नाही रे. मी आजवर कधी गेले नाही."

"तो तुझा रोगी नाहीये."

"मग कुणाचा आहे?"

दुसऱ्या दिवशी मास्तर बाजारात गेला. त्याने दुसरा अॅम्प्लिफायर आणला. एक तापला की तारा दुसऱ्यावर, तोवर पहिला निवायचा. वीज गेली तर म्हणून बॅटरी आणल्या. शाळेतून वर्षभराची रजा टाकली. भूलताई कामावर असली की तो घरी राहायचा. दोघं मिळून कुठे जाणं बंद झालं, नातेवाईक यायचे थांबले, खालचे काका जिन्यात भेटले की तोंड फिरवू लागले. घरात अहोरात्र कुणीतरी बोलत असायचं, गात असायचं, आणि ती दोघं त्या गोंगाटात खुणांनी बोलायला शिकली. मजा म्हणजे, बऱ्याच वर्षांनी ती एकमेकांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होती. मास्तर खुणेने चहा मागायचा तेव्हा तिला कधी कधी खरोखर हसू यायचं.

पण पत्रा दिवसेंदिवस लवकर तापू लागला. दोन्हींचा. आवाज वाढवावा लागत होता. तीच मात्रा रोज दिली की अंगवळणी पडते आणि मग तेवढ्याने भागत नाही, हे भूलताईने मास्तरला सांगितलं नाही.

८

त्या दिवशी तिच्या टेबलावर एक बाई होती, पोटाचं ऑपरेशन, अर्ध्यावर आलेलं. सिस्टर फोन घेऊन आली. "ताई, घरून. तिसऱ्यांदा येतोय." तिने तो भूलताईच्या कानाशी धरला.

"वीज गेलीय," मास्तर म्हणाला. त्याच्यामागे शांतता होती, त्या घरात कित्येक महिन्यांत नव्हती अशी. "बॅटरीपण उतरल्या. मी सेलवरचा रेडिओ लावला, तो लहान. मोठमोठ्याने पाढे म्हणतोय मघापासून. माझा घसा बसला गं."

"तारा हातात घे," ती म्हणाली. सर्जनने मान वर करून पाहिलं. तिने नजर रोग्यावरून हलवली नाही. "सैल आहेत की ताठ?"

"सैल."

"हलतायत?"

"नाही." मग लगेच, "थांब. जातायत. माझ्या हातातून आत जातायत. कुणीतरी हळूहळू गुंडाळून घेतंय."

"सोड. सोड आणि बाहेर पड. चप्पल घालू नकोस, दार लावू नकोस, पळ!"

फोन कुठेतरी पडल्याचा आवाज आला. पावलं, दार, जिना. आणि त्यानंतर, कुणीच नसलेल्या त्या खोलीतून, एक श्वास ऐकू आला. भिंतीपलीकडचा नव्हे. खोलीतला. जाग येताना माणूस पहिला मोठा श्वास घेतं, छातीच्या तळापर्यंत, तसा. तो आत जात राहिला. खिडक्या खडखडल्या, कागद फडफडले, काचेचं काहीतरी फुटलं, तरी तो आत जातच राहिला. भूलताईचा एक हात रबरी पिशवीवर होता. तिच्या लक्षात आलं की ती स्वतःचा श्वास कोंडून, उच्छ्वासाची वाट बघतेय.

तो आला नाही. फोन बंद झाला.

"ताई, पेशंट!" सर्जन ओरडला.

ती कुठेही गेली नाही. टाके घालून होईपर्यंत, बाईने डोळे उघडून स्वतःचं नाव सांगेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

९

मास्तर समोरच्या फुटपाथवर बसला होता, अनवाणी. त्याने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. दोघं वर गेली, कारण जाणं भागच होतं.

खोलीतलं सगळं त्या भिंतीकडे गेलं होतं. खुर्च्या, वर्तमानपत्रं, मास्तरचे नकाशे, उशा, सगळं खिडकीखाली येऊन एकावर एक दाटलं होतं. पडदे भिंतीला घट्ट चिकटले होते, इस्त्री केल्यासारखे. दोन्ही अॅम्प्लिफायर जागच्या जागी, थंड. भोक होतं. तारा नव्हत्या.

भूलताईने आत पाहिलं. विटा होत्या, आणि अंधार. तिने भोकावर तळहात ठेवला. वारा आत जात नव्हता, बाहेर येत नव्हता. तरी ती बराच वेळ तो तसाच ठेवून राहिली.

"उठून गेलं का ते?" मास्तरने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "धरून ठेवलाय श्वास."

त्याच दिवशी त्यांनी घर सोडलं. कुलूप लावलं, विकलं मात्र नाही. आता ती दोघं दूर, दुसऱ्या वस्तीत भाड्याने राहतात. मास्तर पुन्हा शाळेत जातो. घरात रेडिओ नाही. भूलताई पूर्वीसारखीच रोज माणसं झोपवते आणि उठवते. शुद्धीवर येताना काही रोगी असाच श्वास कोंडतात, मग खोकतात, मग सगळं सुरळीत होतं. पण कोंडलेला श्वास एवढा मोठा कधी कुणाचा नसतो, आणि तो कधीतरी सोडावाच लागतो.

परवा दुपारी दोघं गॅलरीत बसली होती. उकाडा मी म्हणत होता. रस्त्यावरच्या झाडाचं पान हलत नव्हतं.

"वारा अगदी पडलाय बघ," मास्तर म्हणाला. सवयीने म्हणून गेला.

भूलताईने पडद्याकडे पाहिलं. पडदा सरळ, स्तब्ध लोंबत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हलला तर बरं, की असाच राहिला तर बरं, हे काही केल्या तिला ठरवता येईना.